‘कोणीं केलें?’ कीं ‘काय झालें?’

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु बिघडली म्हणजे जो पहिला प्रश्न निघतो तो बहुधा ‘काय झालें?’ हा नसतो, ‘कोणीं केलें?’ हा असतो. नळ गळूं लागला, शिवणयंत्राची सुई मोडली, मिक्सर फिरेनासा झाला, कीं वडील मंडळींची दृष्टि वस्तूकडे न जातां आधीं लहानांच्या तोंडाकडे जाते. ह्या रीतीनें घरांत धाक राहतो व धाकानें वस्तु टिकतात, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लोणच्याच्या बरणीपुरती ती खरीही असेल. बरणी कशी फुटली हें कळलें म्हणून ती कांहीं सांधली जात नाहीं. परंतु ज्या वस्तूची दुरुस्ती, ती कोणत्या क्रमानें बिघडली ह्याच्या माहितीवर अवलंबून असते, तिच्या बाबतींत हा धाक फार महाग पडतो. संगणक ही तशी वस्तु आहे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं जें घडलें त्यावरून माझें हें मत पक्कें झालें, म्हणून तें येथें सविस्तर लिहितों. त्यांत यंत्राविषयींचा भाग बराच येईल. पण तो टाळला तर सांगण्यासारखें कांहीं उरणारच नाहीं.

आमच्या बैठकीच्या खोलींत एक संगणक आहे. तो माझ्या वडील बंधूंनीं २०२१ सालीं घेतला, व तेच तो मुख्यतः वापरीत. आतां ते नाहींत. आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत रोज पहाटे स्नानसंध्या आटोपल्यावर त्यांनीं सौर, पवमान, श्रीसूक्त, रुद्र असे पाठ स्वतःच्या आवाजांत मुद्रित करून त्या यंत्रांत ठेविले. आमच्या घराण्याची म्हणण्याची जी धाटणी, ती तीर्थरूपांपासून त्यांनींच पुरतेपणीं उचलली होती. आम्हां इतर भावंडांना ती तितकी साधली नाहीं. नातवंडांना पुढेंमागें शिकावेंसें वाटलें तर सोय असावी, एवढाच त्यांचा हेतु. त्या पाठांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती.

एके सकाळीं यंत्र सुरू केलें, तों नेहमींच्या चित्राऐवजीं एक निळें पान उभें राहिलें व त्यानें ४८ आंकड्यांची किल्ली मागितली. घरांत एकच गोंधळ उडाला. धाकट्या बंधूंनीं वर्तमानपत्रांत वाचलेल्या खंडणीखोर विषाणूंची आठवण करून देऊन, आतां पैशांची मागणी येईल, असें भाकीत केलें. भावजयीच्या मतें रात्रीं वीज दोनदां गेली-आली हेंच कारण. कोणीं उंदराचा संशय घेतला. ज्या दुकानदाराला दूरध्वनि केला त्यानें यंत्र न पाहतांच सांगितलें, ‘घेऊन या. सगळें पुसून विंडोज नव्यानें घालून देतों. संध्याकाळपर्यंत चालूं होईल.’ यंत्र चालूं झालेंही असतें. फक्त बंधूंचा आवाज त्यांत उरला नसता.

ह्या सर्व वेळांत बंधूंचा नातू, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, कोपऱ्यांत उभा होता. ‘रात्रीं यंत्राला हात कोणीं लावला?’ हा प्रश्न पांच-सहा वेळां चढत्या आवाजांत विचारून झाला होता, व प्रत्येक वेळीं तो अधिकच गप्प होत होता. रात्रीं त्यानें मदरबोर्डाचें फर्मवेअर अद्ययावत् केलें, एवढें शेवटीं बाहेर आलें. त्यासरशीं त्याच्यावर शब्दांचा जो वर्षाव झाला, त्यानें पुढचें सर्व आंतच राहिलें. आणि आम्हांला जें हवें होतें तें नेमकें त्या पुढच्या भागांत होतें.

फर्मवेअर म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आमच्या शाळेंत संगणक आले तेव्हां त्या खोलीची किल्ली संस्कृतच्या शिक्षकाकडे, म्हणजे माझ्याकडे, सोंपविण्यांत आली व सेवानिवृत्तीपर्यंत ती माझ्याचकडे राहिली. मुलांना ही गोष्ट समजावून देतांना मला सूत्रधाराचा दृष्टान्त फार उपयोगी पडे. संस्कृत नाटकांत नांदी झाल्यावर सूत्रधार रंगभूमीवर येतो, नटीला हांक मारून सिद्धता झाली कीं नाहीं तें विचारतो, कोणतें नाटक होणार तें सांगतो, आणि मुख्य पात्राचा प्रवेश जवळ येतांच निघून जातो. संगणकांतील विंडोज किंवा लिनक्स हें मुख्य नाटक होय. परंतु कळ दाबल्याबरोबर तें सुरू होऊं शकत नाहीं. कारण तें कोठें ठेविलें आहे हेंसुद्धां त्या क्षणीं यंत्राला ठाऊक नसतें. मदरबोर्डावर एक लहानशी चिप असते, तिच्यांतील आज्ञावली प्रथम जागी होते. प्रोसेसर उत्तर देतो ना, मेमरी जागेवर आहे ना, चित्र दाखविणारा भाग तयार आहे ना, हें ती तपासते. मग डिस्केवरून नाटक शोधून काढून रंगभूमि त्याच्या हवालीं करते. ही आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. जुन्या नांवानें बायोस.

बायोस हें नांव गॅरी किल्डॉल ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाच्या सीपी/एम नामक प्रणालीपासूनचें, म्हणजे १९७० नंतरच्या दशकांतलें आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्यें आयबीएमचा पीसी निघाला तेव्हां त्याचा बायोस अवघा ८ किलोबाइटांचा होता, व तो ज्या चिपेंत होता ती पुसतां येत नसे. बदल करावयाचा तर चिपच बदलावी लागे. पुढें पुसून पुन्हां लिहितां येणाऱ्या फ्लॅश चिपा आल्या. सोय झाली तशी जोखीमही आली. १९९९ च्या २६ एप्रिल रोजीं सीआयएच नांवाच्या विषाणूनें पुष्कळ संगणकांच्या डिस्का तर खराब केल्याच, पण कित्येकांच्या बायोसची चिपही निकामी करून टाकिली, व तीं यंत्रें कळ दाबली तरी उठेनात. २००५ सालीं अनेक कंपन्यांनीं मिळून यूईएफआय नांवाचा नवा संकेत पुढें चालविण्यासाठीं एक मंडळ स्थापिलें. आजच्या यंत्रांतील फर्मवेअर त्या संकेतानुसार असतें, आणि त्याची चिप बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइटांची असते. लोक मात्र संवयीनें अजून बायोसच म्हणतात.

मग जें बरें चाललें आहे तें बदलावें कशाला? हाच प्रश्न घरांत त्या मुलाला विचारला गेला, पण उत्तराची वाट कोणीं पाहिली नाहीं. उत्तर असें कीं, कांहीं दोष असे असतात कीं त्यांवरचा उपाय ह्या चिपेंतूनच द्यावा लागतो. २०१८ च्या जानेवारींत प्रोसेसरांतील स्पेक्टर नांवाचे दोष उघड झाले, तेव्हां उपायाचा एक भाग फर्मवेअरमधून आला. २०२४ सालीं इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीचे कांहीं डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळें अस्थिर होऊं लागले, त्यावरील उपायही मदरबोर्डाच्या नव्या फर्मवेअरमधूनच लोकांपर्यंत पोंचला. आमच्या यंत्राच्या बाबतींतही निर्मात्यानें सुरक्षेची दुरुस्ती म्हणूनच नवें फर्मवेअर प्रसिद्ध केलें होतें. म्हणजे मुलानें केलें तो खोडसाळपणा नव्हता. निव्वळ नवें निघालें एवढ्यावरून घाई करूं नये, हें मात्र खरें. निर्मात्यानें सोबत काय लिहिलें आहे तें वाचावें, व आपल्या यंत्राला लागू असेल तरच पुढें जावें.

फर्मवेअर बदलणें म्हणजे प्रयोगाच्या आदल्या रात्रीं सूत्रधार बदलणें. नवा सूत्रधार कितीही हुषार असला तरी जुन्याला सांगून ठेविलेल्या खाजगी सूचना त्याला ठाऊक नसतात. कोणती डिस्क आधीं पाहावयाची, मेमरी किती वेगानें चालवावयाची, डिस्केशीं कोणत्या पद्धतीनें बोलावयाचें, जुन्या धाटणीच्या विंडोजला वाट करून द्यावयाची कीं नाहीं, ह्या सर्व सूचना पुष्कळदां मूळपदावर जातात. म्हणून अद्ययावत् केल्यानंतर न उठणारीं यंत्रें बहुतेक वेळां मेलेलीं नसतात. तीं गोंधळलेलीं असतात.

‘उठत नाहीं’ हा एकच शब्द घरांत चार निरनिराळ्या अवस्थांना लावला जातो, व पुढील चुकीच्या उपायांचें मूळ येथेंच असतें. म्हणून त्या चार अवस्था वेगवेगळ्या सांगतों.

पहिली अवस्था अशी कीं, कळ दाबली तरी दिवा नाहीं, पंखा नाहीं. येथें फर्मवेअरला दोष देण्यापूर्वीं भिंतींतील प्लग, विजेची केबल व पॉवर सप्लायच्या पाठीमागचें लहानसें बटण पाहावें. एक गोष्ट दुसरीच्या मागून घडली म्हणून ती पहिलीमुळेंच घडली असें होत नाहीं. संस्कृतांत ह्याला काकतालीय न्याय म्हणतात. आपल्या बायकामंडळी, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, असें म्हणतात.

दुसरी अवस्था म्हणजे पंखे फिरतात, दिवे लागतात, परंतु पडदा काळाच राहतो. हिची भीति सर्वांत मोठी, आणि पुष्कळदां ती अगदीं पोकळ असते. नवें फर्मवेअर आल्यावर यंत्र मेमरीची परीक्षा पहिल्यापासून घेतें. डीडीआर५ जातीच्या मेमरीला तर ह्या कामांत कित्येक मिनिटें लागूं शकतात, आणि मध्येंच यंत्र आपण होऊन एकदोनदां बंद पडून पुन्हां सुरू होतें. पाहणाऱ्याला वाटतें कीं संपलें. तो प्लग ओढतो, आणि परीक्षा पुन्हां पहिल्यापासून सुरू होते. म्हणून पहिला उपाय म्हणजे घड्याळ समोर ठेवून दहा-पंधरा मिनिटें कशालाही हात न लावणें. हा उपाय फुकट असून सर्वांना जड जातो.

एवढ्यानेंही चित्र आलें नाहीं तर सूचीकटाह न्यायानें चालावें. लोहारापाशीं एकानें कढई व दुसऱ्यानें सुई करावयास दिली, तर तो सुई आधीं करतो. सोपें व थोडक्यांत होणारें काम पहिलें. मॉनिटरची केबल योग्य जागीं आहे ना? ग्राफिक्स कार्ड असेल तर ती त्यालाच जोडलेली हवी. कीबोर्ड सोडून बाहेरून लावलेल्या सर्व वस्तु काढाव्या. पुष्कळ मदरबोर्डांवर प्रोसेसर, मेमरी, चित्र व बूट अशा चार नांवांचे बारीक दिवे असतात. कोणत्या दिव्यापाशीं गाडी अडली तें पाहावें व लिहून ठेवावें. नंतर यंत्र बंद करून, प्लग काढून, मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी पांचदहा मिनिटें बाहेर काढावी, किंवा माहितीपुस्तिकेंत दाखविलेल्या दोन पिना थोडा वेळ जोडाव्या. ह्या बॅटरीचें नांव बहुधा सीआर२०३२ असतें. २० मिलिमीटर व्यास व ३·२ मिलिमीटर जाडी, हें तें नांवच सांगतें. ह्या क्रियेनें फर्मवेअरच्या सूचना मूळपदावर येतात. डिस्केवरील एक अक्षरही पुसलें जात नाहीं. तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर मेमरीच्या पट्ट्यांपैकीं एकच ठेवून, पुस्तिकेंत सांगितलेल्या खांचेंत बसवून पाहावें.

येथें अन्वय आणि व्यतिरेक हे दोन जुने शब्द कामास येतात. अमुक असलें कीं दोष असतो, अमुक काढलें कीं दोष जातो, अशा दोन्ही बाजूंनीं पाहिल्याशिवाय कारण ठरवूं नये. ह्यासाठीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी लागते. तीन गोष्टी एकदम बदलल्या व यंत्र उठलें, तर तें कशानें उठलें हें कळत नाहीं. आणि उठलें नाहीं तर आपण नवीन दोष घातला कीं काय, हेंही कळत नाहीं.

लिहितांना मध्येंच वीज गेल्यामुळें किंवा भलतीच फाईल घातल्यामुळें चिपेंतील मजकूरच अर्धवट राहिला असेल, तर वरील उपाय चालत नाहींत. तरीही निराश होऊं नये. अलीकडच्या पुष्कळ मदरबोर्डांवर प्रोसेसर व मेमरी ह्यांच्या मदतीवांचून फर्मवेअर पुन्हां लिहिण्याचें एक बटण असतें. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नेमक्या आपल्याच मॉडेलची फाईल घ्यावी, एफएटी३२ पद्धतीनें तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर, पुस्तिकेंत सांगितलेल्या नांवानें ठेवावी, खूण केलेल्या खांचेंत तो घालावा व बटण दाबून दिव्याची उघडझांप पुरती थांबेपर्यंत हात बांधून बसावें. हें बटण नसेल तर जाणता कारागीर त्या आठ पायांच्या चिपेला चिमटा लावून बाहेरून मजकूर लिहूं शकतो. मदरबोर्ड टाकून देण्याची पाळी ह्यानंतर येते, आधीं नाहीं.

तिसऱ्या अवस्थेंत चित्र येतें, निर्मात्याची मुद्रा दिसते, पण विंडोजचा पत्ता नसतो. किंवा विंडोज येतां येतां निळ्या पानावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असें लिहून थांबतें. येथें सूत्रधार ठीक आहे, त्याला नाटक सांपडत नाहीं एवढेंच. फर्मवेअरच्या पानांत जाऊन डिस्क दिसते का तें पाहावें. बूटचा क्रम तपासावा. डिस्केशीं बोलण्याची पद्धति पूर्वीं एएचसीआय असून आतां रेड झाली आहे काय, किंवा उलट, हें पाहावें. जुन्या पद्धतीनें बसविलेली विंडोज असेल तर सीएसएम नांवाची सवलत बंद झाली आहे काय, हेंही पाहावें. जें पूर्वीं होतें तेंच परत ठेवावें. विंडोज नव्यानें घालण्याचें ह्या अवस्थेंत कांहींच कारण नसतें, आणि घरोघरीं नेमकें तेंच केलें जातें.

चौथी अवस्था आमची. यंत्र उठलें आहे, नाटकही सांपडलें आहे, परंतु दाराला कुलूप आहे. बिटलॉकर नांवाची विंडोजची सोय डिस्केवरील सर्व मजकूर कुलुपांत ठेविते, व रोजची किल्ली टीपीएम नांवाच्या सुरक्षापेटींत असते. आमच्यासारख्या यंत्रांत ही पेटी प्रोसेसरमध्यें फर्मवेअरच्याच आधारानें चालते. फर्मवेअर बदललें कीं पेटीला वाटतें, हें आपलें घर नव्हे. ती किल्ली देत नाहीं. मग विंडोज मालकाला त्याच्या राखीव किल्लीचे ४८ आंकडे विचारते. म्हणजे निळें पान ही चोरांची चिठ्ठी नव्हती. तो पहारेकरी होता.

हें सर्व त्या सकाळीं ताडून पाहावयाचें तर रात्रीं काय काय दिसलें हें कळावयास हवें होतें, व तें ठाऊक असलेलें घरांतील एकमेव माणूस बोलत नव्हतें. ती कोंडी मोठ्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आजीनें, फोडली. त्यांना संगणकांतलें कांहीं कळतें अशांतला भाग नाहीं. त्यांनीं सर्वांना खोलीबाहेर घालविलें, मला तेवढें बसूं दिलें, मुलापुढें चहाचा कप ठेविला आणि म्हणाल्या, ‘बाळा, कोणीं केलें तें कळलें; तें आतां संपलें. तुला काय काय दिसलें तें पहिल्यापासून सांग. आजोबांचा आवाज आंत आहे, एवढेंच मला ठाऊक आहे.’

मुलगा बोलूं लागला, आणि मी कागदावर टिपून घेऊं लागलों. फाईल निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून, मॉडेलचें नांव ताडून घेतली होती. लिहिण्याचें काम शंभर टक्के पुरें होऊन यंत्र आपण होऊन पुन्हां सुरू झालें होतें. म्हणजे चिप शाबूत. पडदा दोन-तीन मिनिटें काळा राहिला, पण त्यानें प्लग काढला नव्हता. म्हणजे मेमरीची परीक्षाही नीट पार पडली. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक प्रश्न आला: सुरक्षापेटींतील नोंद बदललेली दिसते, ती नव्यानें मांडावयाची असेल तर ‘वाय’ दाबा, जुनी ठेवावयाची असेल तर ‘एन’, डिस्केला कुलूप असल्यास राखीव किल्लीवांचून यंत्र सुरू होणार नाहीं. डिस्केला कुलूप आहे हें त्याला ठाऊकच नव्हतें. त्यानें ‘वाय’ दाबलें, निळें पान आलें, व घाबरून त्यानें यंत्र बंद केलें. हेंच वाक्य तो सकाळपासून गिळून बसला होता; आणि ह्याच वाक्यानें उलगडा झाला. कांहींही पुसलें गेलें नव्हतें. पेटींतली किल्ली गेली होती. राखीव किल्ली मिळाली कीं दार उघडणार होतें.

राखीव किल्ली बहुधा तीन ठिकाणीं असूं शकते: मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत, एखाद्या पेन ड्राइव्हवर, किंवा छापील कागदावर. बंधूंच्या खात्याचा परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नव्हता. परंतु महत्त्वाचें सर्व कागदावर घेऊन फायलीला लावण्याची त्यांची संवय वहिनींना पक्की ठाऊक होती. विजेच्या बिलांच्या फायलींत शेवटीं असे दोन कागद निघाले, दोहोंवर अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस आंकडे. निळ्या पानावर किल्लीची एक ओळख-संख्याही दिलेली असते. तिचीं पहिलीं आठ अक्षरें कागदाशीं ताडून पाहतां एक कागद जुन्या लॅपटॉपचा ठरला व दुसरा ह्या यंत्राचा. वहिनींनीं सहा-सहा आंकडे वाचले, मुलानें ते घातले. असे आठ गट झाले आणि विंडोज उघडली. सौराचा पाठ सुरू झाला तेव्हां बाहेर घालविलेली मंडळी दाराशीं येऊन उभीं राहिलीं होतीं. कोणीं कांहीं बोललें नाहीं.

त्यानंतर स्थूणानिखनन न्यायाचें काम तेवढें उरलें. खांब रोवल्यावर तो हालवून हालवून घट्ट करतात, तसें यंत्र दोनतीनदां बंद करून सुरू केलें. बिटलॉकरचें संरक्षण एकदां स्थगित करून पुन्हां चालूं केलें, म्हणजे कुलुपाची व नव्या पेटीची ओळख पटते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं थंड असतांना यंत्र पुन्हां पाहिलें. मग बंधूंच्या पाठांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर घेतल्या. त्यांपैकीं एक नाशिकास मुलीच्या घरीं पाठविली. एका छपराखालीं असलेल्या दोन प्रती आगीच्या व चोरीच्या दृष्टीनें एकच होत.

ज्या घरांतील तरुण मंडळी असें काम करूं इच्छितात, त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अद्ययावत् करण्यापूर्वीं महत्त्वाच्या मजकुराची प्रत घ्यावी, व डिस्केला कुलूप आहे कीं नाहीं तें पाहून राखीव किल्ली कागदावर उतरून ठेवावी. बिटलॉकर तेवढ्यापुरता स्थगित करावा. मायक्रोसॉफ्टचाही तसाच सल्ला आहे. फर्मवेअरच्या पानांचीं छायाचित्रें मोबाईलवर काढून ठेवावीं, म्हणजे जुन्या सूचना पुन्हां तशाच देतां येतात. आणि वीज बेभरंवशाची असेल तर यूपीएसवांचून हें काम करूं नये, पावसाळ्याच्या रात्रीं तर नाहींच. नवें फर्मवेअर मानवलें नाहीं तर जुन्यावर परत जाऊं, ह्या भरंवशावरही राहूं नये. कांहीं निर्माते मागें जाऊं देतात, कांहीं देत नाहींत.

वडील मंडळींना सांगावयाची गोष्ट एकच. यंत्र अडलें असतां ज्याच्या हातून अडलें तोच आपला उत्तम साक्षीदार असतो, व दटावलेला साक्षीदार अर्धेंच सांगतो. रागवावयाचेंच असेल तर यंत्र उठल्यावर सवडीनें रागवावें. तोंवर बहुधा राग उरतही नाहीं. आमच्या संगणकाशेजारीं आतां एक शंभर पानी वही दोरीनें बांधून ठेविली आहे. यंत्रांत जो कोणी कांहीं बदल करील, त्यानें तारीख, वेळ, काय केलें आणि पडद्यावर काय दिसलें, एवढें तींत लिहावयाचें. वहिनींनीं स्वतः पट्टीनें रेघा मारून रकाने आंखून दिले आहेत. नांवाचा रकाना त्यांनीं ठेविलेला नाहीं.